मदत हवी आहे: गोव्यातलं दिवाडी बेट सायकलने एका दिवसात, चढ कुठल्या बाजूने घ्यावा?

पुण्याहून आम्ही नऊ जण डिसेंबरमध्ये जातोय. सायकली आपल्याच, टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर बांधून. मुक्काम पणजीत. सकाळी रायबंदरहून फेरीने बेटावर जायचं, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च बघायचं आणि नार्व्याच्या फेरीने पलीकडे उतरून सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं (मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, म्हणून हा हट्ट). परत त्याच वाटेने, अंधाराआधी.

सराव म्हणून दोन रविवार कात्रजचा जुना बोगदा केला. सात जण आरामात चढले. उरलेल्या दोघांकडे, म्हणजे मेहुणे (वय ५८) आणि बारा वर्षांचा भाचा, बिनगिअरच्या सायकली आहेत. उतरताना मेहुण्यांचा मागचा ब्रेक असा किंचाळला, की पुढचा टेम्पोवाला वळून बघायला लागला. रबर बदललेत, पण त्यांना उताराची धास्ती बसलीय ती बसलीच.

नकाशावर अंतर कळतं, चढ कळत नाही. गाडी भाड्याने घ्या, हा सल्ला नको. तो घरातूनच रोज मिळतोय. पंक्चरचं सामान, पंप सोबत आहे.

तिथे स्वतः सायकल चालवलेल्यांनी सांगा: पिएदादचा चढ रायबंदरच्या बाजूने सौम्य आहे की नार्व्याच्या? आणि बिनगिअरवाल्यांनी उतार ब्रेक धरून उतरावा, की सरळ सायकल हातात धरून चालावं?