फी माफ झाली, होस्टेलचं गेट मात्र सातलाच

सिंदफणा:
जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली. उत्पन्नाची अट आठ लाख. चांगलंच झालं, माझी मामेबहीण त्याच्याच जोरावर शिकतेय. पण विद्यापीठं मुलींसाठी काय करतात असं विचारलं की उत्तर प्रवेशापाशीच का संपतं?

माझं सांगते. फिजिक्समध्ये पीएचडी, विषय फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे चुंबकी पदार्थ. (मराठवाड्यात फिजिक्सवाल्यांत दगड मारला तर तो फेराइटवाल्यालाच लागतो.) सॅम्पल भट्टीत नऊशे-हजार डिग्रीवर तासन् तास ठेवायचं, मग हळूहळू गार करायचं. होस्टेलचं गेट सातला बंद. उशिराची परवानगी हवी तर दर वेळी वडिलांची सही. वडील गेवराईत! शेवटी शेजारच्या टेबलावरचा मुलगा रात्री माझी भट्टी बघायचा आणि पेपरवर त्याचंही नाव लागायचं. तो माणूस चांगला होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही.

मांजराकाठ:
ताई, आधी आमचं ऐका. लातूरला दोन वर्षं खोली घेऊन राहिलो, पोराला चांगले पर्सेंटाइल पडले, तरी त्याच्यापेक्षा कमीवाल्या मुलीला सीट. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेशात, ३० टक्के मुलींना, आयआयटीत २० टक्के, वर फी माफ. आता रात्रीची भट्टी पण मागता. मेरिट नावाची चीज राहिली का?

सिंदफणा:
आयआयटीच्या जागा २०१८ पासून जास्तीच्या काढल्या, मुलांच्या कापल्या नाहीत. कॅपचं तुमचं बरोबर आहे, तिथं आहे त्या जागांतूनच जातात. पण मुली मिळाल्या नाहीत तर त्या मुलांकडेच येतात, हेही लिहा की.

टायमरवाला:
नव्या भट्टीला प्रोग्रॅम असतो. चढ, थांब, उतार सगळं आपोआप. हा प्रश्न स्त्री-पुरुषाचा नाही, खरेदीचा आहे.

सिंदफणा:
खरंय. पण जुन्या भट्टीवर मुलाचं भागतं, माझं भागत नाही. मग नवीची फाइल कोण हलवणार?

माजी रेक्टर:
सात वर्षं मुलींचं होस्टेल सांभाळलं, म्हणून लिहिते. गेट मी हौसेनं बंद करत नव्हते. डिपार्टमेंट ते होस्टेल जेमतेम एक किलोमीटर, मध्ये चार दिवे, त्यातले दोन बंद. वॉचमन एक, तोही रात्री मेसच्या ओट्यावर झोपलेला. काही घडलं असतं तर पहिला प्रश्न मला असता, 'मुलगी बाहेर सोडलीच कशी?' दिवे का नव्हते हे कुणी इस्टेट विभागाला विचारलं नसतं. लेखी आदेश द्या, दुसरा वॉचमन द्या, गाडी द्या. दहाला काय, बाराला उघडते. मला नुसतं 'मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करा' एवढंच मिळायचं.

सीएचबी क्र. ११:
बीएस्सीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली बसतात. स्टाफरूममध्ये मोजा. त्यातल्या कायम किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, किती, तेही मोजा. यूजीसीच्या २०१६ च्या आणि नंतर आलेल्या २०२२ च्या नियमांतही पीएचडी करणाऱ्या बाईला २४० दिवसांची रजा आणि दोन वर्षं जादा मुदत आहे. मी सीएचबीवर शिकवते आणि पीएचडीही करते. विद्यार्थिनी म्हणून मला रजा आहे, शिक्षिका म्हणून तास नाही तर पैसे नाहीत. बाळ एकच!

केंद्राच्या विज्ञान विभागानं २०२० मध्ये 'गती' योजना आणली, इंग्लंडच्या अथेना स्वान या स्त्री-पुरुष समानतेच्या मानांकनाच्या धर्तीवर. संस्थेनं स्वतःच्या भरतीचे, बढतीचे, रजांचे आकडे स्वतःच तपासायचे. सुरुवातीला निवडक ३० संस्था. कल्पना मला आवडते. भीती एवढीच की आपल्याकडे ती नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फाइलींसारखी रंगीत कव्हरात जाऊन बसेल.

मांजराकाठ:
आकडे मोजून कुणाचं पोट भरलं?

सीएचबी क्र. ११:
तुम्हीच वर पर्सेंटाइल मोजलेत, साहेब.

जिंतूरचा बाप:
मी शिकलेला नाही, पोराला सांगून टाइप करून घ्यायलोय. आमच्या जिल्ह्यात जवळपास निम्म्या पोरींची लग्नं अठराच्या आत लागतेत, सरकारी सर्व्हेतच हाय ते. माझ्या पोरीची बारावी झाली तवा भावकीनं इचारलं, लगीन कामून करीना? मी म्हणलं शिकायलीय. तर म्हणे शहरात कोण बघतंय तिला. मी सांगितलं, होस्टेल हाय, सातला गेट लागतंय, बाई बसलेली असती. तवा कुठं गप बसले. गेट उघडं झालं तर मला बोलायला काय राहिलं? ताई, तुमचं चूक हाय असं म्हणत नाही. पण त्या गेटावर माझ्या पोरीचं शिक्षण टिकलंय.

सिंदफणा:
काका, दोन दिवस झाले, याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाहीये. माझ्या वडिलांनीही भावकीला हेच सांगितलं असणार. तरी गेट मुलीसाठी सातला आणि मुलांच्या होस्टेलला गेटच नाही, हे मला पटणार नाही. वर्षाची एकच परवानगी घ्या, रजिस्टर ठेवा, सोडायला गाडी द्या. भावकीला सांगायचं, लॅबला गेलीय.

माजी रेक्टर:
गाडीचं डिझेल कुठल्या हेडमधून?

जिंतूरचा बाप:
वर्षाची एकच सही असली तर देतो. पण एक इचारतो, आमची कॉम्प्युटरला हाय. तिला भट्टी लागती का?