गांधीलमाशी चावली, बीपीवाल्या काकांना अ‍ॅड्रेनालिन कसं दिलं?

काजूबाग:
परवा सकाळी काका काजूच्या बागेत सफाई करत होते. कोयता गांधीलमाशीच्या पोळ्याला लागला, मानेवर दोन डंख. दहा मिनिटांत तळहातांना खाज, अंगभर गांधी, एक उलटी. आवाज इतका घोगरा झाला की काकूला वाटलं दुसराच कुणी हाक मारतोय. रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. वरचं बीपी 70. डॉक्टरांनी पँटवरूनच मांडीत अ‍ॅड्रेनालिन टोचलं, पाच मिनिटांनी परत एकदा. काकांचे हात थरथरले, छाती धडधडली, पण आवाज मोकळा झाला. दुपारी ठणठणीत होते तरी रात्रभर ठेवून घेतलं.
काकांना बीपीसाठी एटेनोलॉल चालू आहे. अ‍ॅड्रेनालिनने बीपी वाढतं ना? आणि मागच्या वर्षी गांधी उठल्या तेव्हा एव्हिलवर, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या औषधावर, भागलं होतं.

नाइटड्यूटी:
कॅज्युअल्टीत 22 वर्षं सिस्टर आहे. अहो, ही डंखाची जीवघेणी अ‍ॅलर्जी होती. वरचं बीपी 70 म्हणजे ते वाढायलाच हवं होतं! अशा वेळी बीपीचा पेशंट म्हणून अ‍ॅड्रेनालिन थांबवत नाहीत. मोठ्या माणसाला अर्धी अँप्युल, 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तिथून रक्तात लवकर पोचतं. धडधड, थरथर त्याचीच, थोड्या वेळात जाते.
एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात. सुजलेला घसा मोकळा होत नाही, पडलेलं बीपी चढत नाही. तरी आधी एव्हिल आणि स्टिरॉइड भरायचं, अ‍ॅड्रेनालिन भीतीपोटी ट्रेमध्येच ठेवायचं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तुमच्या डॉक्टरांनी घाबरून वेळ घालवला नाही.
ठेवून घेतलं कारण औषधाचा असर उतरल्यावर काही तासांनी त्रास उलटू शकतो. एटेनोलॉलवर असलेल्यांना अ‍ॅड्रेनालिन कमी लागू पडू शकतं, म्हणून ती गोळी डॉक्टरांना आधीच सांगायची. मनाने बंद मात्र करू नका.
आणि पेशंटला उठवायचं नाही. आमच्याकडे एक जण बरं वाटतंय म्हणून लघवीला उठला, दोन पावलांवर कोसळला. वाचला. तेव्हापासून मी युरिनल कॉटवरच देते, कितीही लाजू देत. आडवं ठेवून पाय वर. दम लागत असेल तर बसतं ठेवायचं, पण चालवायचं नाही.

शेतकरीमित्र:
आमच्याकडे चुना लावतात. लगेच उतरतं.

नाइटड्यूटी:
दादा, डंखावर चुना लावाल, घशाला काय लावाल? 108 लावा.

काजूबाग:
धन्यवाद ताई. त्या दिवशी काकांना रिक्षापर्यंत आम्ही चालवतच नेलं होतं, वाचून पोटात गोळा आला. काकूने गोळीचं नाव कागदावर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवलंय. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली आहे. काका उद्याच बागेत निघालेत, पोळं अजून तिथेच आहे.

नाइटड्यूटी:
कोयता लपवा.