मदत हवी आहे: आरव्ही कॅम्पिंग, शेजारच्या साइटवरचं खरकटं आणि रात्री आलेलं अस्वल

नमस्कार. मागच्या आठवड्यात मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच भाड्याची आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन पाच दिवस फिरलो. शेवटच्या रात्री जे झालं ते मनातून जात नाहीये, आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलंय. म्हणून तुम्हा अनुभवी लोकांना विचारतेय.

कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा शेजारची साइट नुकतीच रिकामी झाली होती. शेकोटीच्या लोखंडी कड्यात अर्धवट जळलेलं फॉइल, त्याला चिकटलेलं खरकटं, टेबलाखाली बाटल्यांची झाकणं. मला दिसलं होतं हे सगळं. पण दमलो होतो, 'सकाळी होस्टला (कॅम्पग्राउंड सांभाळणाऱ्याला) सांगू' म्हणून सोडून दिलं. रात्री दोनच्या सुमाराला खरवडल्याचा आवाज आला. खिडकीतून टॉर्च मारला, तर एक काळं अस्वल त्या कड्यात तोंड घालून फॉइल चाटत होतं. आमच्यापासून फार तर पंधरा मीटरवर. नवऱ्याने हॉर्न वाजवला तसं ते झाडीत गेलं, पण दहा मिनिटांत परत आलं. दुसऱ्या वेळी त्याने हॉर्नला दादच दिली नाही.

सकाळी तिथल्या रेंजरने (वनरक्षक) नोंद घेतली. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे धीट होत जातं आणि कधी कधी मारावंच लागतं, असं ती म्हणाली. तेव्हापासून मन खातंय. मी दहा मिनिटं काढून ते कडं साफ केलं असतं तर?

तर, दुसऱ्याने केलेली घाण उचलावी का, आणि कशी? तक्रार करून मी त्या अस्वलाचं नुकसान तर केलं नाही ना? आरव्हीत अन्न ठेवणं पुरेसं सुरक्षित आहे का? एका ड्रॉवरमध्ये उंदराच्या लेंड्याही सापडल्या, त्याचं काय करायचं? आणि आरव्हीतली सांडपाण्याची टाकी रिकामी करताना आमची फार तारांबळ उडाली, तेही कुणी नीट सांगा.

प्रतिसाद १

तक्रार केलीत ते योग्यच केलंत. अस्वल नुकतंच खरकट्याकडे वळलेलं असताना कळलं तर रेंजर त्याला पिटाळून लावू शकतात, साइट साफ करून घेऊ शकतात. उशीर झाला की हातात फारसं काही उरत नाही. यलोस्टोनमध्ये एके काळी उकिरड्यांवर जेवायला येणारी अस्वलं बघायला लोकांसाठी बाकं मांडलेली असत. १९७० च्या सुमाराला ते उकिरडे बंद केले, तेव्हा चटावलेली ग्रिझली (मोठी तपकिरी अस्वलं) कॅम्पग्राउंडकडे वळली आणि कित्येक मारावी लागली. सवय आपण लावतो आणि जीव त्यांचा जातो, हे तिथे फार मोठ्या प्रमाणावर झालं.

दुसऱ्याचा कचरा मी उचलते, पण उजेड असतानाच. राख पूर्ण थंड झाल्याची खात्री करून, हातमोजे घालून, लांब चिमट्याने. फॉइल जळत नाही, राखेत तसंच राहतं. पिशवी लगेच अस्वलाला न उघडणाऱ्या कचरापेटीत टाकायची, आरव्हीच्या शिडीला अडकवून ठेवायची नाही. सुया किंवा विष्ठा दिसली तर हात न लावता होस्टला बोलवा. झाकणांसारखा बारीक कचरा तर आवर्जून वेचा. कॅलिफोर्निया कॉन्डर (एक दुर्मिळ गिधाड) असले तुकडे नेऊन पिल्लांना भरवतात आणि त्याने पिल्लं मरतात.

अन्नाचे नियम प्रत्येक उद्यानात वेगळे. यलोस्टोनमध्ये खिडक्या लावलेल्या गाडीत ठेवलेलं चालतं, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात रात्री साध्या कारमध्ये ठेवायला बंदी आहे. आरव्ही असली तरी खिडक्या आणि छतावरची झडप बंद करूनच बाहेर पडा. ग्रिल, कूलर, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं, सगळं आत. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) यलोस्टोनमध्ये हाताशी ठेवा, योसेमिटीत तो बाळगायलाच मनाई आहे.

मुलीला अंतर असं समजवा: यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून ९१ मीटर, बाकी प्राण्यांपासून २३. तुमची आरव्ही आठ मीटरची असेल तर बायसन आणि तुमच्यामध्ये तीन आरव्ही एकामागे एक मावल्या पाहिजेत. बायसन शांत चरताना दिसतो म्हणून लोक फोटोला जवळ जातात, आणि यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसं त्यानेच जखमी केली आहेत. तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो.

प्रतिसाद २

लेंड्या कोरड्या झाडू नका! हंताव्हायरस (उंदरांकडून पसरणारा जीवघेणा विषाणू) त्या धुळीतून श्वासात जातो. २०१२ साली योसेमिटीत मुक्काम केलेल्या दहा जणांना तो झाला, त्यातले तिघे दगावले. उंदरांनी तंबूवजा केबिनच्या दुहेरी भिंतीत घरं केली होती. आधी अर्धा तास दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या. मग हातमोजे घालून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण त्यावर ओता, पाच मिनिटं भिजू द्या, आणि कागदाने टिपून घ्या. पाइप आत शिरतात तिथल्या फटींमध्ये स्टील वूल ठासा.

टाकीचं म्हणाल तर मैल्याच्या टाकीची झडप मुक्कामभर बंदच ठेवायची. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचतो. दोन तृतीयांश भरली की डंप स्टेशनवर (सांडपाणी सोडायच्या जागी) आधी ती सोडा, नंतर सिंक-शॉवरची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी तिथे कधीही वापरू नका. सिंकचं पाणी साबणाचंच तर आहे म्हणून काही जण जमिनीवर सोडतात. त्यात अन्नाचे कण असतात आणि त्या वासावर प्राणी येतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आमची झडप पाचही दिवस उघडी होती, आता कळलं काय चुकलं ते. हातमोजे आणि चिमटा आजच सामानात टाकला. आणखी एक विचारते: आम्हाला यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या आरव्ही कॅम्पग्राउंडला जागा मिळाली आहे. तिथे ग्रिझलींमुळे तंबू आणि कापडी भिंतींच्या ट्रेलरना परवानगी नाही, हे बुकिंग करताना वाचलं. मग संध्याकाळी मुलीला बाहेर टेबलावर जेवायला बसवू का, की आतच जेवावं? तिथे राहून आलेल्यांनी कृपया सांगा.