कागदावर 'मध्यम' लिहिलंय, म्हणजे किती? व्यक्तिमत्त्व विकार असा मोजता येतो का?

तापीकाठचा:
मावसभावाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय, "व्यक्तिमत्त्व विकार, मध्यम, बॉर्डरलाइन नमुना." मावशीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "मध्यम शे ना? मंग बरं शे." घरात हायसं वाटलं सगळ्यांना. याच पोराने तीन वर्षांत चार नोकऱ्या सोडल्यात आणि भुसावळच्या खोलीचं दार एकदा बाहेरून तोडावं लागलंय.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने संशयी, नाटकी, परावलंबी वगैरे जुने प्रकार काढून टाकले. आता विकार एकच. तो सौम्य, मध्यम की तीव्र एवढं ठरवायचं. बॉर्डरलाइन, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःविषयीचं मत सतत डळमळणं, तेवढं विकारापुढे जोडायची जादा नोंद म्हणून ठेवलंय.

मला हे पटतं. अमेरिकेच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या पुस्तकात बॉर्डरलाइनसाठी नऊपैकी पाच लक्षणं लागतात. चार असली तर तुम्ही मोकळे. पाच किंवा जास्त जुळायचे २५६ प्रकार होतात, मी वहीत मांडून पाहिलं. दोन पेशंटांत एकच लक्षण सारखं असलं तरी आजाराचं नाव एकच! त्यापेक्षा माणसाचं किती बिघडलंय ते लिहिलेलं बरं. तुमचं काय मत?

कपाशीवाला:
भो, मोजमापाचं आम्हाला विचार. खरेदी केंद्रावर ओलाव्याचं यंत्र घेऊन पोरगा येतो. बारा टक्क्यांवर गेलं की माल परत. ट्रॉलीच्या वरच्या थरात खुपसलं तर नऊ दाखवतं, बुडाशी खुपसलं तर तेरा. कापूस तोच, ट्रॉली तीच. आता तुमचा भाऊ दवाखान्यात इस्त्रीचा शर्ट घालून वीस मिनिटं बसला असेल. डॉक्टरांनी वरचाच थर पाहिला ना?

जुनं नाव निदान सांगायचं तरी, की याला असं होतं. 'मध्यम' हा शब्द काय सांगतो? डोंबल!

धुळ्यातली समुपदेशक:
कपाशीवाले दादा, तुमचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. पण ते माझ्या बाजूचं आहे. दोन ठिकाणी खुपसावं लागतं म्हणून यंत्र फेकून देत नाहीत, चार ठिकाणी खुपसतात. इथेही तेच. दोन-तीन भेटी, पेशंटशी एकट्याने बोलणं, मग घरच्यांशी. त्रास किमान दोन वर्षांचा हवा. आणि पाहायचं ते असं: स्वतःविषयी त्याला काय वाटतं, ते किती टिकतं, माणसं जोडता-टिकवता येतात का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होते का.

नुसतं सौम्य, मध्यम, तीव्र लिहून थांबत नाहीत. भावनांचा भडका, अलिप्तपणा, दुसऱ्याची पर्वा नसणं, बेलगामपणा, अति काटेकोरपणा, यातलं जे ठळक असेल तेही नोंदवता येतं. त्यामुळे 'काहीच सांगत नाही' हे खरं नाही.

एक चौदा प्रश्नांची मोजपट्टी आहे, मला ती आवडते. तिच्या बऱ्याचशा प्रश्नांत निरोगी उत्तर मधोमध असतं. स्वतःला कस्पटासमान समजणारा एका टोकाला, स्वतःला देव समजणारा दुसऱ्या टोकाला. गुण दोघांनाही वाईटच.

तापीकाठचा, तुमच्या मावशीला मात्र कुणीतरी नीट सांगा. मध्यम म्हणजे आयुष्याच्या अनेक बाजू बिघडल्यात, काही शाबूत आहेत. इजेचा धोका मध्यममध्येही असतो.

सून_अमळनेरची:
'माणसं टिकवता येतात का' हे ठरवणार कोण? खटल्याच्या घरात उलट उत्तर दिलेल्या सुनेला पहिल्याच दिवशी 'तीव्र' म्हणतील. माझ्या जाऊबाईंना नेलं होतं डॉक्टरांकडे. सासूबाई खुर्चीत, जाऊबाई स्टुलावर. "राग येतो का?" विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "खूप येतो." "झोप?" "लागत नाही तिला." बाई तोंड उघडायच्या आत कागद भरला. जुन्या प्रकारांत निदान लक्षणं तरी मोजावी लागायची. आता तर 'नातेसंबंध बिघडलेत' एवढ्यावर काम भागेल. बिघडवले कुणी, त्याचा रकाना कुठे आहे?

धुळ्यातली समुपदेशक:
रकाना नाही. परिस्थितीमुळे किंवा समाजातल्या संघर्षामुळे वागणं तसं असेल तर तो विकार धरू नये, असं आयसीडी-११ मध्ये लिहिलेलं आहे. पण जाऊबाईंना बोलूच दिलं नाही तर ते वाक्य पुस्तकातच राहतं, हे मान्य. तरी सांगते, जुन्या यादीतलं 'नाटकी' कुणाला चिकटायचं? बायकांनाच. ते गेलं, याचं मला दुःख नाही.

रावेर लोकल:
मुद्द्याचं बोला. मध्यमवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

धुळ्यातली समुपदेशक:
दोन्ही मापं वेगळी आहेत. त्या टक्क्यांसाठी आयडियाज नावाची आपली भारतीय मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, नातेसंबंध, बोलणं-समजणं आणि काम, असं चार अंगांनी पाहतात. कागदावरच्या 'मध्यम'चे आपोआप टक्के होत नाहीत.

कपाशीवाला:
म्हणजे एका माणसाला दोन काटे. आमच्यासारखंच, व्यापाऱ्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा.

तापीकाठचा:
काल मावशीला सांगितलं की मध्यम म्हणजे पास होण्यातलं मध्यम नाही. भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "मंग तीव्र कशाले म्हणतस?" मी विषय बदलला.

सोमवारी पुन्हा तारीख आहे. सून_अमळनेरची, तुमचं वाचून ठरवलंय, आधी त्याला एकट्याला आत पाठवायचं. मावशी आणि मी बाहेर बाकावर.