सुतारासाठी चामड्याचा टूल बेल्ट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सुतारकाम करतो. त्याच्यासाठी मापाचा टूल बेल्ट शिवायला घेतलाय. तो डावखुरा आहे, त्यामुळे तयार बेल्टमध्ये हातोडीची कडी नेहमी नको त्या बाजूला येते, आणि दिवसभर उलटा हात घालून त्याचं मनगट दुखतं. म्हणून हा खटाटोप.

चामडं सालीने कमावलेलं घेतलंय, कारण ते भिजवून आकार देता येतो आणि वाळल्यावर आकार टिकतो. खिशांना ३ मिमी जाडी ठीक वाटते. पट्ट्याचं मात्र ठरत नाहीये. ५ मिमीचा एकच पदर घेऊ, की ३ मिमीचे दोन पदर चिकटवून कडेने शिवू? एकेरी पट्टा वजनाने ताणला जाईल अशी धास्ती आहे.

दुसरी अडचण स्क्रूच्या खिशाची. आधी एक नमुना शिवून त्याला वापरायला दिला होता. महिनाभरात तळाच्या कोपऱ्यातला दोरा स्क्रूच्या टोकांनी घासून तुटला. टाके दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याचे होते, त्यामुळे बाकीची शिवण उसवली नाही. पण कोपऱ्यातून स्क्रू गळायला लागले. आता तळाला शिवणच येऊ नये म्हणून पुढचा भाग आणि तळ एकाच तुकड्यातून दुमडायचा विचार आहे. असं कुणी केलंय का? ओलं चामडं दुमडताना कोपऱ्यात चुण्या पडतात, त्या कशा बसवता?

पटाशीच्या खिशाला आतून अस्तर लावावं का, तेही सांगा. धार फार तेज असते हो, आणि तो शिडीवर चढून काम करतो.