हँक विल्यम्सचा आवाज मराठीत नेमकं काय करतो?

गवतफुला: जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका क्रियापदावर अडलेय. 'लव्हसिक ब्लूज'मध्ये (१९४९) हँक विल्यम्सचा आवाज ओळीच्या मधेच छातीतून एकदम वर उडी मारतो आणि त्या उडीत सुराला तडा जातो. हे तो मुद्दाम करतो, जीव तिथेच कळवळतो. मी लिहिलं, 'आवाज चिरकतो'. संपादकांनी कापलं, म्हणे चिरकणं हा दोष. 'आवाज फुटतो' तर मिसरूड फुटणाऱ्या पोराचा. 'गळा दाटतो' मलाच नको, दाटल्या गळ्यातून सूर निघत नाही आणि याचा खणखणीत निघतो. सुचवा.

अडकित्ता: छातीतून वर जाणाऱ्या त्या उडीला 'यॉडल' म्हणतात, तेच लिहा आणि मोकळ्या व्हा.

गवतफुला: हँकपुरतं चालेल हो. पण पुढच्याच परिच्छेदात पॅट्सी क्लाइन आहे. तिच्या 'क्रेझी'त (१९६१) यॉडल नाही, तरी शब्दाच्या कडेला हुंदका लागून जातो. दोघांना पुरेल असं काहीतरी हवंय.

शब्दवेल्हाळ: अमरकोशात तयार शब्द आहे: काकु. शोक, भीती वगैरेंमुळे ध्वनीत होणारा विकार. जुन्या संगीतशास्त्रातही तो आहे. घरात असताना यॉडल कशाला उसनं आणायचं?

अडकित्ता: 'हँक विल्यम्सच्या गाण्यात काकू येते.' वाचक विचारेल, कुणाची?

शब्दवेल्हाळ: ऱ्हस्व उकार आहे, साहेब.

अडकित्ता: संस्कृतात. मराठीत गुरू, साधू, वायू सगळे दीर्घ लिहायचे हा नियम. तुमची काकु उंबरा ओलांडून आत आली की काकूच.

शब्दवेल्हाळ: 'काकुळतीला येणे' याच घरातलं असावं असं माझं जुनं मत आहे. म्हणजे शब्द जिवंत आहे, फक्त कपडे बदलून फिरतोय.

तिसरीघंटा: याला आधार?

शब्दवेल्हाळ: कान.

बार्देसकर: मुळात सूर तुटायलाच हवा असं का धरून चाललोय? आमच्याकडे गोव्यात पिढ्या जिम रीव्हजवर वाढल्या. 'ही'ल हॅव टू गो' ऐका. माइकला जवळजवळ ओठ टेकवून, खालच्या पट्टीत, एकही सूर न हलवता गातो. १९६४ साली विमान अपघातात गेला, तरी आमच्या घरी त्याचं गाणं थांबलं नाही. माझे वडील म्हणायचे, रडायचं ते ऐकणाऱ्याने.

तिसरीघंटा: +१. कॅरन कार्पेंटरही तशीच. 'रेनी डेज अँड मंडेज' (१९७१) मध्ये ती अगदी खाली, सपाट गाते, काही मागत नाही. म्हणूनच ते लागतं. बाकी तिच्या त्या सॉफ्ट रॉकला मराठीत काय म्हणणार? 'मवाळ रॉक' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नामदार गोखले गिटार घेऊन उभे राहतात.

अडकित्ता: आणि जहाल रॉकवाले लगेच सुरत काँग्रेसात खुर्च्या फेकतात.

षड्जपंचम: विषयावर या. माझ्या मते गाणाऱ्यापेक्षा पेडल स्टील गिटारच जास्त रडते. पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या दांडीने ठरावीक तारा ताणतात, त्यामुळे एक सूर जागेवर उभा असतो आणि दुसरा सरकत त्याच्याशी येऊन जुळतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं म्हणाल, तर आपल्या मींडेत सोबत असा दुसरा सूर सरकत जुळत नाही. तिची आजी म्हणजे हवाईयन गिटार, जी आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत ढिगाने आहे. आवाजासाठी मात्र ठुमरीवाल्यांचा 'पुकार' वापरा.

गवतफुला: पुकार म्हणजे हाक. इथे हाक मारायला समोर कुणी नाही, तेच तर दुःख. आणि पुढे जॉर्ज जोन्स आहेच. 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' (१९८०). आयुष्यभर झुरलेला माणूस मेल्यावरच प्रेम करायचं थांबतो, आणि ती शेवटचं पाहायला येते त्या ओळी जोन्स गातच नाही, नुसता बोलतो. ही असली सुतकी रेकॉर्ड कोण विकत घेणार, असं त्याला स्वतःला वाटत होतं. कंट्रीच्या यादीत पहिली आली.

शब्दवेल्हाळ: 'सुतकी' चेहरा असतो, रेकॉर्ड नव्हे.

बार्देसकर: का? गाणं 'सुतकी' नाही तर काय 'शोकात्म'?

शब्दवेल्हाळ: 'शोकात्म' हा तर नाट्यसमीक्षेचा शब्द.

तिसरीघंटा: गवतफुला, शेवटी काय लिहिलंत?

गवतफुला: मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'आवाजाला मधेच चीर जाते' असं ठेवलंय.

शब्दवेल्हाळ: चीर पडते. जातो तो तडा.

अडकित्ता: आमच्या सोसायटीच्या भिंतीला दोन्ही झालंय, बिल्डरला कळवू का?