‘काउंटर’, ‘गेज’ आणि ‘बकेट’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

राउटर आणि स्विच यांच्याकडील आकडे एसएनएमपीद्वारे (नेटवर्कवरील उपकरणांना त्यांची माहिती विचारण्याच्या प्रोटोकॉलद्वारे) घेऊन ते प्रोमिथियसला (असे आकडे गोळा करून साठवणाऱ्या देखरेख प्रणालीला) समजतील अशा रूपात मांडणारी एक क्लायंट लायब्ररी आमचा गट लिहीत आहे, आणि तिची माहितीपुस्तिका मराठीतही असावी असे ठरले आहे. सध्याच्या मसुद्यात ‘काउंटर’साठी ‘गणक’, ‘गेज’साठी ‘मापक’ आणि हिस्टोग्राममधल्या (किती नोंदी कोणत्या मर्यादेपर्यंतच्या आहेत ते मोजणाऱ्या प्रकारातल्या) ‘बकेट’साठी ‘कप्पा’ असे शब्द योजले आहेत. हे शब्द मला खटकतात, परंतु त्यांत नेमके काय उणे आहे ते गटाला पटवून देता येत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

आपल्याला खटकते ते योग्यच आहे. ‘गणक’ म्हणजे गणना करणारा. जुन्या मराठीत हा शब्द ज्योतिषासाठीही येतो. इथे मात्र मोजणारा कोण हे सांगायचे नसून मोजून साठलेला आकडा दाखवायचा आहे. ‘मापक’ची अडचण याहून मोठी आहे. तापमापकातला पारा चढतो आणि उतरतोही, तर पर्जन्यमापकात पडलेले पाणी साठत जाते आणि हवामान खात्याचा निरीक्षक सकाळी साडेआठला ते मोजून भांडे रिकामे करीपर्यंत पातळी खाली येत नाही. म्हणजे नाव ‘मापक’ असले तरी पर्जन्यमापकाचे वागणे काउंटरचे, म्हणजे फक्त वाढत जाणारे आहे आणि तापमापकाचे गेजचे, म्हणजे चढउतार होणारे. ज्या भेदावर आपली लायब्ररी उभी आहे, तोच भेद हा शब्द पुसून टाकतो.

क्लायंट लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी प्रोमिथियसने जे नियम घालून दिले आहेत, त्यांत हा भेद स्पष्ट आहे. काउंटर शून्यापासून सुरू व्हावा, त्यात ऋण संख्या मिळवू देऊ नये आणि त्याचे मूल्य कधी कमी होऊ नये. गेज मात्र वाढवता, घटवता किंवा थेट हव्या त्या मूल्यावर ठेवता आला पाहिजे. म्हणून प्रतिशब्द निवडताना ‘या आकड्याला खाली येण्याची मुभा आहे का?’ हा एकच प्रश्न विचारावा. माझ्या मते काउंटरला ‘संचित मोजणी’ आणि गेजला ‘चालू मूल्य’ म्हणावे. पोर्टवरून आजवर आलेले बाइट ही संचित मोजणी. या क्षणी रांगेत थांबलेली पॅकेट हे चालू मूल्य.

‘संचित’ सुचवण्याचे आणखी एक कारण ‘बकेट’शी निगडित आहे. मराठी माध्यमाच्या शालेय गणितात ‘संचित वारंवारता’ असते, आणि तिचा ‘पेक्षा कमी’ हा प्रकार पुष्कळांनी वहीत सोडवलेला असतो. प्रोमिथियसच्या पारंपरिक हिस्टोग्रामची रचना जवळजवळ तीच आहे. फरक इतकाच की तिथे मर्यादेइतके मूल्यही धरले जाते. समजा, उत्तराला लागलेल्या वेळेसाठी 0.1, 0.25, 0.5 सेकंद आणि शेवटी अनंत अशा मर्यादा आहेत आणि एका राउटरने 0.2 सेकंदांत उत्तर दिले. ही एक नोंद 0.25 च्या आकड्यात धरली जाते, 0.5 च्या आकड्यात धरली जाते आणि अनंताच्या आकड्यातही धरली जाते, फक्त 0.1 चा आकडा होता तसा राहतो. ‘कप्पा’ म्हटले की एक वस्तू एकाच कप्प्यात जाणार असे वाचक गृहीत धरतो, सगळ्या कप्प्यांची बेरीज करतो आणि त्याचे उत्तर चुकते. ‘मर्यादा’ आणि ‘त्या मर्यादेपर्यंतची संचित वारंवारता’ अशी सरळ मांडणी केल्यास हा घोटाळा उद्भवत नाही. हिस्टोग्रामसाठी ‘आयतालेख’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, पण तो काढलेली आकृती दर्शवतो. इथे आकृती नसून आकड्यांचा संच असल्याने ‘हिस्टोग्राम’च ठेवणे बरे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार. ‘संचित मोजणी’ गटाला नक्की पटेल. मात्र एक शंका उरते. मोजणी कधी खाली येत नाही असे लिहिले, तरी राउटर पुन्हा सुरू झाला की ती शून्यावर येते, आणि एसएनएमपीतील 32 बिटांची मोजणी तर राउटर चालू असतानाही शून्यावर येते. मसुद्यात दोन्ही ठिकाणी ‘शून्यावर येणे’ असेच शब्द आहेत.

प्रतिसाद

तिथे दोन वेगळे शब्द अत्यावश्यक आहेत, कारण दोन्हींचे गणित वेगळे आहे. 32 बिटांत 4,29,49,67,295 ही सर्वांत मोठी संख्या मावते. त्यापुढचा बाइट आला की आकडा शून्यावर जातो. यासाठी मी ‘फेरा पूर्ण होणे’ असे लिहीन. आधीचे वाचन 4,29,49,67,000 आणि पुढचे 704 असेल, तर प्रत्यक्षात 1,000 बाइट आलेले असतात. प्रोमिथियसचे मोजणी वाढण्याचा वेग काढणारे ‘रेट’ हे फलन मात्र आकडा घटलेला दिसला की मोजणी नव्याने सुरू झाली असे मानते आणि वाढ 704 धरते, म्हणजे 296 बाइट हिशेबातून गळतात. राउटर पुन्हा सुरू होण्याला ‘मोजणीचा पुनरारंभ’ म्हणावे. तिथे प्रोमिथियसचे हे गृहीतक बरोबर ठरते. उपकरण किती वेळ अखंड चालू आहे हे सांगणारा ‘सिसअपटाइम’ वाचला, तर फेरा आणि पुनरारंभ यांतला फरक लायब्ररीला बहुधा ओळखता येतो.

हा प्रश्न क्वचित येणारा आहे असे कृपया समजू नये. एक गिगाबिटचा पोर्ट पूर्ण क्षमतेने वाहत असेल तर 32 बिटांचा फेरा सुमारे 34 सेकंदांत पूर्ण होतो; दर मिनिटाला वाचन घेणाऱ्यास मधल्या काळात किती फेरे झाले ते कळत नाही. अशा पोर्टसाठी 64 बिटांची मोजणी वापरावी, असे पुस्तिकेत ठळकपणे लिहावे.

आणखी एक प्रतिसाद

वरील मतांशी मी सहमत आहे. ‘मॉनिटरिंग’साठी शासकीय मराठीतील ‘संनियंत्रण’ कृपया घेऊ नये. ही प्रणाली पाहते आणि नोंदवते, नियंत्रण कशाचेही करत नाही, म्हणून ‘देखरेख’ पुरेसा आहे. ‘क्लायंट’चे ‘ग्राहक’ करणेही टाळावे. इथे मागणी घेऊन येतो तो प्रोमिथियस सर्व्हर, आणि आकडे देते ती ही लायब्ररी. ‘ग्राहक’ म्हटल्यास देणारा कोण आणि घेणारा कोण हे उलटे वाचले जाईल. ‘क्लायंट लायब्ररी’ हाच शब्द ठेवून पहिल्याच परिच्छेदात आकडे कोणत्या दिशेने जातात ते एका वाक्यात सांगावे. कोडमधील ‘काउंटर’ आणि ‘गेज’ ही नावेही तशीच राहू द्यावीत, कारण वाचक त्याच नावांनी शोध घेणार. ‘संचित मोजणी’ आणि ‘चालू मूल्य’ हे शब्द व्याख्येत आणि स्पष्टीकरणात यावेत.